काला, प्रसाद आणि मिस्सा



अलीकडे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी एक वाक्य वारंवार कानी येते. काल्याचे निरूपण रंगात आले की महाराज सर्वधर्मसमभावाकडे वळतात आणि म्हणतात, ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जी पांढरी चकती घेतात तो त्यांचा प्रसादच, आपला काला तोच त्यांचा काला. मंडप टाळ्या देतो. वाक्यातला भाव चांगला आहे. पण ज्याची उपमा द्यायची त्याचे स्वरूप आधी पाहावे, हा आपल्याच परंपरेचा दंडक आहे, आणि तो येथे पाळला जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिवला (तेव्हाचे उस्मानाबाद) ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरूला अध्यक्ष केले म्हणून काहींनी विरोध केला. संमेलननगरीला नाव मात्र आपल्या तेरच्या गोरोबाकाकांचे होते. दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहून तो ग्रंथ सोप्या मराठीत आणला. विरोध करणाऱ्यांनी तो उघडला नसावा आणि 'सगळे एकच' म्हणून टाळ्या घेणाऱ्यांनीही उघडला नसावा, असे मला दोन्हीकडचे बोलणे ऐकून वाटते.

आता मूळ विषय. ज्या रात्री येशूला धरून नेले त्याच रात्री तो आधी बारा शिष्यांसह जेवायला बसला. भाकर घेऊन आभार मानले, मोडली, वाटली आणि हे माझे शरीर असे सांगितले. पेला दिला आणि हे माझे रक्त असे सांगितले. माझ्या स्मरणार्थ असेच करत जा, ही आज्ञा केली. कॅथलिक लोक रोज जी मिस्सा करतात तिचा गाभा हा. प्रॉटेस्टंट पंथांपैकी बरेच जण तिला स्मरणविधी मानतात. कॅथलिक तसे मानत नाहीत. त्यांच्या मते धर्मगुरूने ते शब्द उच्चारले की भाकर भाकर राहत नाही. रूप, रंग, चव तशीच राहते, पण तत्त्व पालटते. १५५१ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने हे ठाम शब्दांत मांडले.

आपल्या वेदान्ताच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते. आपल्याकडे दोन दृष्टांत पाठ असतात. दुधाचे दही होते तो परिणाम: तेथे वस्तू पालटते आणि रूपही पालटते. दोरीवर साप भासतो तो विवर्त: दोरी दोरीच राहते, पालटतो तो भास. मिस्सेत याच्या नेमके उलट मानले आहे. भास जसाच्या तसा, पालटते ती वस्तू. हा तिसरा प्रकार आपल्या दृष्टांतांच्या पेटीत नाही. जवळात जवळ येते ती प्राणप्रतिष्ठा; दगड डोळ्यांना दगडच दिसतो, पण त्यापुढे आपण पाय धुऊन उभे राहतो. तरी मूर्ती कोणी खात नाही.

आणि नैवेद्याचे काय? आपण देवाला दाखवतो, देव दृष्टी लावतो, उरलेले आपल्याला मिळते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्याला यज्ञशेष म्हटले आहे, त्याच वाटेने आपला प्रसाद येतो. अन्न देवाकडे जाते आणि त्याचे होऊन परत येते. मिस्सेतही भाकर आणि द्राक्षरस आधी अर्पण होतात, इथपर्यंत साम्य आहे. पुढे मात्र देवच अन्न होतो. प्रसाद या शब्दात ही दुसरी पायरी मावत नाही.

काला आणखी निराळा. गोपाळांनी आपापली शिदोरी एकत्र केली, कृष्णाने त्यांचे उष्टे खाल्ले, आपल्या हाताने त्यांना भरवले. त्या उष्ट्याच्या आशेने देव यमुनेत मासे होऊन आले, तर कान्ह्याने गोपाळांना हात पाण्यात धुऊच दिले नाहीत. घोंगडीला पुसायला लावले. ही कथा सांगताना आजवर मी कधी गंभीर राहू शकलो नाही. काला हा खेळ आहे. ती शेवटची पंगत ही मरणाच्या आदल्या रात्रीची आहे, तिच्यात विश्वासघात करणाराही जेवला आहे. म्हणून कॅथलिक तिला बलिदान म्हणतात. हा फरक पुसून टाळ्या मिळवणे म्हणजे त्यांचे दुःख आणि आपला आनंद, दोन्ही स्वस्त करणे.

फरकाबरोबर त्यांची शिस्तही सांगावी. महापाप हातून घडले असेल तर आधी पापनिवेदन करावे लागते. पूर्वी मध्यरात्रीपासून उपवास असे, आता एक तासाचा आहे. उरलेला अंश टाकत नाहीत, वेदीजवळच्या पेटीत ठेवतात आणि तिथे दिवा तेवत ठेवतात. आजाऱ्याच्या घरी तो नेतात. मरणाऱ्याच्या मुखी शेवटची शिदोरी म्हणून देतात. आपण तुळशीपत्र आणि गंगाजल घालतो, ते येथे आठवतेच. माळकऱ्याला द्राक्षरसाची अडचण वाटेल. पण बहुतेक ठिकाणी भाविकांना फक्त भाकर मिळते आणि एकात सर्व आले असे त्यांचे शास्त्र सांगते. मला खटकते ते दुसरेच. भाकर गव्हाचीच हवी, असा नियम आहे. आमच्या लोहारा तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पोटाला आधार देत आली, ती त्या वेदीवर चालत नाही.

मराठीशी या विषयाचा संबंध जुना आहे. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांवर ओव्या आहेत. माझ्याकडे शांताराम बंडेलूंनी १९५६ साली पुण्याहून देवनागरीत काढलेली प्रत आहे. ओवी त्याला साधली आहे, यात शंका नाही. स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो. ज्या सासष्टीत पोर्तुगिजांनी देवळे पाडली त्याच सासष्टीत हे पुराण झाले, हेही विसरू नये. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. येशूची कथा मराठीत आली, पण वेदीवरचा मंत्र लॅटिनमध्येच राहिला. आमच्या ज्ञानोबांनी १२९० साली गाभाच मराठीत उघडला. तिकडे १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांना आपल्या भाषेत मिस्सा मिळाली. साडेतीनशे वर्षे भाविक पुराण आपल्या बोलीत ऐकत होता आणि पानात काय पडले ते परक्या भाषेत.

हे लिहिताना बोट आपल्याकडेही वळते. पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहून खडसावले आहे: श्रीमंत आधी येऊन खातात, गरीब उपाशी राहतो, याला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही. हा दोष ख्रिस्त्यांच्या पहिल्या पिढीतलाच. पुढे हिंदुस्थानात त्यांच्यात जातही शिरली. तामिळनाडूत काही चर्चमध्ये जातीजातींना वेगळ्या जागा होत्या. आपल्याकडे चोखोबा पायरीशी राहिले आणि पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून सानेगुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. गोपाळपुरी काल्याला एकमेकांच्या मुखी लाह्या घालणारी हीच आपली माणसे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आमचे सास्तूर जमीनदोस्त केले. पुढचे कित्येक दिवस जी खिचडी मिळाली ती कोणाच्या हातची, हे कोणी विचारले नाही. वाढणाऱ्यांत गळ्यात क्रूस असलेलेही होते. त्यांनी आम्हाला धर्म सांगितला नाही, आम्हीही पुसला नाही. आता सप्ताह मोठे झाले, मंडप मोठे झाले, आणि देणगीदारांची पंगत पडद्याआड वेगळी बसू लागली आहे. तेथे बसून काल्याचे कीर्तन करणाऱ्या माझ्या बंधूंनी पौलाचे ते पत्र एकदा वाचावे. करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र, अकरावा अध्याय. मराठीत आहे, अर्ध्या घटकेत वाचून होते.