फितणे आणि फितवणे

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हापासून महाराष्ट्रात ‘गद्दार’ या शब्दाला उसंत नाही. सिन्नरच्या चहाच्या टपरीवरही तो निघतोच, आणि कुणाबद्दल निघतो हे बोलणाऱ्याच्या पक्षावर ठरतं. शब्द फेकून मारायला झकास आहे. ‘द्द’वर जीभ आपटते, पुढचा ‘आ’ घोषणेत हवा तेवढा ताणता येतो. ज्या अरबी मुळातून तो आला त्यातूनच ‘गदर’ही आला. १९१३ साली अमेरिकेत खानखोज्यांसारख्या क्रांतिकारकांनी तो पक्षाच्या नावात मिरवला. ‘गद्दार’च्या वाट्याला मात्र नुसती शिवीच आली.

मला ‘फितूर’ जास्त रुचतो. अरबीत त्याचा अर्थ सुस्ती, ढिलेपणा. हिंदीत तो डोक्यातलं खूळ झाला. मराठीनं त्याला छावणीत नेलं, किल्ल्याच्या दरवाजावर उभं केलं, ‘फंद’ हा जोडीदार दिला. आणि त्याच्या शेजारी दोन क्रियापदं नांदतात: फितणे आणि फितवणे. खरी गंमत या दुसऱ्यात आहे. गद्दारी करणारा एकटाच असतो, ती करवून घेणाऱ्याला त्या शब्दात जागाच नाही. फितलेल्या माणसामागे मात्र फितवणारा उभा असतो, आणि व्याकरण त्याला लपू देत नाही.

याचा दाखला पेशव्यांच्या घरातच आहे. सिन्नर तालुक्यातल्या दुबेऱ्याला, बर्व्यांच्या वाड्यात, १७०० साली थोरला बाजीराव जन्मला. त्याचा नातू नारायणराव पेशवा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारदी शिपायांच्या हातून मारला गेला. ‘गारदी फितले’ म्हणावं, तर वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. फितवले कुणी? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचा तपास याच प्रश्नाच्या मागे गेला आणि थेट बाजीरावाच्या मुलापाशी, रघुनाथराव ऊर्फ राघोबादादापाशी जाऊन थांबला. सुमेरसिंग गारद्याचं नाव इतिहासात आहे, पण मराठी माणूस बोट दाखवतो ते राघोबादादांकडे. ‘गद्दार’ म्हटलं असतं तर सगळा दोष सुमेरसिंगाच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं.

आज ‘फितूर’ मुख्यतः कोर्टाच्या बातम्यांत भेटतो: ‘साक्षीदार फितूर’. वकिलांचा ‘होस्टाइल’ एवढंच सांगतो की साक्षीदार उलटला. मराठी बातमीदार त्याच दोन शब्दांत संशयही नोंदवून जातो. बिचारा कधी निव्वळ भीतीनंही उलटलेला असतो. अशा वेळी शब्द त्याच्यावर अन्याय करतो, हे कबूल करायला हवं.

घरात आला की मात्र या शब्दाची नांगी गळते. आजीनं शेंगदाण्याच्या लाडवावर नातवाला आपल्या बाजूला वळवलं, की आई म्हणते, “फितलास ना रे लगेच!” आणि लेकाला सोडून सासूकडे बघते.