नोंद आणि नीती : लिओपोल्ड यांचं वाळूचं शेत

आल्डो लिओपोल्ड यांचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक १९४९ साली निघालं. ते बघायला लेखक हयात नव्हते. आदल्या वर्षी एप्रिलात शेजाऱ्याच्या रानातलं पेटलेलं गवत विझवताना ते गेले.

विस्कॉन्सिनमधलं हे वाळूचं, कस गेलेलं शेत त्यांनी १९३५ साली घेतलं. राहायला काय, तर कोंबड्यांचं जुनं खुराडं, डागडुजी केलेलं. पुस्तकाचा पहिला भाग या शेतावरचे जानेवारी ते डिसेंबर हे बारा महिने सांगतो. शेवटी येतो तो जमिनीच्या नीतीवरचा प्रसिद्ध निबंध. आम्हीही वर्गात तेवढाच शिकवला आणि बारा महिने ‘सवडीने वाचा’ म्हणून सोडून दिले. ती आमची चूक होती.

का ते सांगतो. ‘आहे’ वरून ‘असावं’ कसं निघतं, हा ह्यूमचा प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. निबंधात त्याचं समाधानकारक उत्तर नाही, असं आम्हाला वाटतं. ते सापडतं डिसेंबरात. पायात ६५२९० नंबरचं कडं असलेला एक चिमुकला चिकॅडी पाच हिवाळे जगतो. लिओपोल्ड दरवर्षी त्याची वाट बघतात. ‘पक्षी मरतात’ हे मग नुसतं सामान्य विधान राहत नाही. कोण आलं नाही, हे कळायला लागतं. वाट बघणारा माणूस तटस्थ नसतो. कर्तव्याची सुरुवात तिथे आहे.

आणि हा नुसता जिव्हाळा नव्हे. कोणतं फूल कधी उमललं, कोणता पक्षी कधी परतला, अशा दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी १९४७ साली एका सहकारी संशोधिकेबरोबर छापल्या. पुढे त्यांच्या मुलीने, नीना यांनी, त्याच जागी निरीक्षणं सुरू केली. दोन्ही जुळवून १९९९ साली दाखवता आलं, की वसंतातल्या कित्येक घटना आता लवकर घडतात. जिव्हाळ्याला तारीख होती म्हणून त्याचा पुरावा झाला.

पण आमची एक तक्रार आहे. फेब्रुवारीच्या प्रकरणात शेताचा एक आधीचा मालक येतो. चोरटी दारू गाळणारा. त्याने जमीन ओरबाडली, घर जाळलं आणि मंदीच्या काळात तो कुठेसा नाहीसा झाला. लिओपोल्ड त्याला उपहासाने निकालात काढतात. ते स्वतः विद्यापीठात प्राध्यापक होते, पगार घरी येत होता. या वाळूवर ज्याला पोट भरायचं होतं, त्याला मार्च कसा दिसला असेल? माती, पाणी, झाडं, प्राणी हे सगळे या नीतीत सभासद आहेत. मग हा माणूस का नाही? पक्ष्याला नंबर मिळाला, याला नावही नाही.

तुमच्यापैकी काहींनी निवृत्तीनंतर एखादा एकर घेतला असेल. वही जरूर ठेवा, तारखा लिहा. फक्त पहिल्या पानावर एवढं लिहा, की ही जमीन आधी कोण कसत होतं आणि त्याने ती का विकली.