युद्धकाव्यातील शिपाई : पुरुष आणि क्रियापद

मराठी युद्धकाव्याचे परीक्षण बहुधा वीररसाच्या अंगाने होते. परंतु शिपायाच्या यातनांना या काव्यात कितपत स्थान मिळाले, हा प्रश्न रसचर्चेने सुटत नाही. त्यासाठी दोन साध्या भाषिक गोष्टी तपासाव्या लागतात : शिपायाचा उल्लेख कोणत्या व्याकरणिक पुरुषात होतो, आणि त्याच्या मरणासाठी कोणते क्रियापद योजले जाते.

पाथर्डीच्या दक्षिणेस, जामखेड तालुक्यात, खर्डे हे गाव आहे. मार्च 1795 मध्ये तेथे मराठे व निजाम यांची लढाई झाली. याच जिल्ह्यातील संगमनेरच्या अनंत फंदीने (1744–1819) तिच्यावर पोवाडा रचला. प्रत्यक्ष हातघाई अल्पकाळच टिकली. निजामअलीने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि कोंडलेल्या फौजेवर पाण्याची टंचाई ओढवली. म्हणजे या युद्धाचे शिपायाला जाणवलेले सत्य तलवारीपेक्षा तहानेत अधिक होते. पोवाड्याची प्रकृती मात्र सरदारांची नामावळी, लवाजमा आणि धन्याचे यश यांकडे वळणारी आहे. त्यात सरदाराला विशेषनाम मिळते, शिपायाला केवळ समूहवाचक नाम. हा शाहिराचा दोष म्हणता येणार नाही. दरबारात व फडावर गाइल्या जाणाऱ्या रचनेचे प्रयोजनच कीर्ती हे होते.

पानिपतच्या (1761) संहाराची वार्ता सांगणारा प्रसिद्ध सांकेतिक मजकूर या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात थोर पुरुष मोती होतात, सरदार मोहरा होतात आणि सामान्य शिपाई खुर्दा होतो. मोती व मोहरा मोजल्या जातात. खुर्द्याची गणती होत नाही. रूपक संकेतासाठी योजलेले असले तरी मूल्यांची उतरंड त्यात उघड झाली आहे.

क्रियापदांचीही हीच कथा आहे. ‘कामी येणे’ या प्रयोगात मरणारा कर्ता असतो, परंतु काम दुसऱ्याचे असते. ‘धारातीर्थी पडणे’ यात शस्त्राची धार तीर्थ बनते आणि जखम दृष्टीआड होते. हे शब्द मृत्यूला अर्थ देतात, हे त्यांचे सामर्थ्य होय. वेदनेला जागा ठेवत नाहीत, ही त्यांची मर्यादा होय.

1962 च्या चिनी आक्रमणानंतर आवाहनपर कवितेला बहर आला. तिथे तृतीय पुरुष जाऊन द्वितीय पुरुषी आज्ञार्थ आला. शिपायाला आता हाक मिळाली. त्याचे उत्तर मात्र क्वचितच ऐकू आले. प्रथम पुरुषी स्वर विरळाच राहिला.

याचे कारण केवळ प्रतिभेच्या अभावात शोधणे योग्य नव्हे. इंग्रजीत विल्फ्रेड ओवेन (मृत्यू 1918) हा स्वतः खंदकातील अधिकारी होता व कवीही होता. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात (1915–16) 103, 110 व 117 या मराठा पलटणींनी उपासमार, रोगराई व अखेरीस कैद सोसली. परंतु त्या शिपायांपैकी बहुतेकांच्या हाती लेखणी नव्हती. अनुभव एका वर्गाचा आणि काव्यभाषा दुसऱ्या वर्गाची, अशी ही फारकत आहे.

मराठीतच याला पर्यायी व्याकरण उपलब्ध आहे. हेमा राईरकर व गी प्वातवां यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओवीतील माणूस ‘बाळ’ असतो, ‘बंधू’ असतो; तो नात्याने ओळखला जातो, हुद्द्याने नव्हे. नात्याच्या संबोधनात खुर्दा ही कोटी संभवत नाही, कारण आईला एकच मोजावयाचा असतो. शिष्ट युद्धकवितेने या संबोधनाचा उपयोग फारच थोडा केला.

तात्पर्य, एखाद्या युद्धकवितेत रक्त किती सांडले यावरून तिची वास्तवता ठरविणे अपुरे आहे. तिच्यातील शिपाई कोणत्या क्रियापदाचा कर्ता आहे, आणि त्याला ‘मी’ म्हणण्याची मुभा आहे काय, हे अभ्यासकाने प्रथम पाहावे.