एका उपमेचा अतिरेक

हृद्रोगावर मराठींत आज जें लोकसुलभ लेखन होतें, त्याची वैद्यकीय परीक्षा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु वाङ्मयीन परीक्षा करण्यास कोणाची हरकत नसावी. या लेखनाचा सारा डोलारा एकाच उपमेवर उभा आहे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या म्हणजे घरांतील नळ; नळांत गाळ सांचतो, पाणी अडतें, कारागीर येऊन नळ मोकळा करतो. उपमा सुबोध आहे, घरगुती आहे, आणि आमच्या मतें घातक आहे.

आलंकारिकांनीं उपमेचीं चार अंगें सांगितलीं आहेत: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. यांपैकीं साधारण धर्म हा तिचा प्राण होय. नळ व रोहिणी यांत तो इतकाच, कीं दोन्ही पोकळ असून दोहोंतून द्रव वाहतो. पण नळाची भिंत निर्जीव, रोहिणीची जिवंत. मेदाचा थर गाळासारखा आंतून चिकटत नाहीं. तो अस्तराखालीं, भिंतीच्या पोटांत वाढतो. त्याचें आवरण फाटलें म्हणजे तेथें रक्ताची गुठळी होते, आणि हृदयविकाराचा झटका पुष्कळदां असाच येतो. फाटणाऱ्या थरानें आधीं मार्ग फारसा अडविलेला असतोच असें नाहीं. जेथें नळ चोंदला नव्हता तेथूनच प्राणसंकट यावें, हें या उपमेंत कोठेंच बसत नाहीं.

उपमेंत ‘सारखें’ म्हणावयाचें असतें, रूपकांत ‘तेंच’. येथें उपमेचें रूपक झालें, हा खरा दोष. त्याला निमित्तही मोठें मिळालें. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक येथें आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनीं जाग्या रोग्याच्या हृदयरोहिणींत फुगा नेऊन तिचा अरुंद भाग रुंद केला. १९८६ सालीं तेथें धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास प्रारंभ झाला. या कर्तबगारीपुढें आम्ही नतमस्तक आहों. झटका आला असतां तांतडीनें केलेला हा उपचार प्राण वांचवितो, यांत वाद नाहीं.

परंतु श्रमानें छातींत दुखावें व विश्रांतीनें थांबावें, अशा स्थिर विकाराची गोष्ट निराळी. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ चाचणींत २,२८७ रोगी होते, २०२० सालच्या ‘इस्केमिया’ चाचणींत ५,१७९. चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची, दुसऱ्या चाचणींत स्टेंट अथवा बायपासची, जोड दिल्यानें एकंदर मृत्यू किंवा झटके कमी झाल्याचें दोहोंतही दिसलें नाहीं. छातींतील वेदनेला मात्र उतार पडला. डाव्या मुख्य रोहिणीचा गंभीर विकार असलेल्यांना या चाचण्यांतून वगळलें होतें, हेंही सांगितलें पाहिजे. उलट १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ४,४४४ हृद्रोग्यांच्या स्कँडिनेव्हियन चाचणींत सिमव्हास्टॅटिनच्या गोळीनें मृत्यूंचें प्रमाण ३० टक्क्यांनीं घटलें होतें. गोळी साऱ्या रोहिण्यांवर काम करते, जाळी एका जागेवर; पण नळाच्या गोष्टींत गोळीला स्थानच नाहीं.

आमचे एक स्नेही स्टेंट बसवून घरीं आले आणि ‘आतां पाइप नवा झाला’ म्हणून त्यांनीं रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दोन महिन्यांत सोडल्या. जाळींतच गुठळी झाली. ते वांचले, हें सुदैव. त्यांना कोणी खोटें सांगितलें नव्हतें. त्यांनीं एक अलंकार अक्षरशः वाचला होता.

लेखकांना उपमा हवीच असेल, तर ओल लागलेली भिंत घ्यावी. पोपडा एका जागीं दिसतो, ओल मात्र सर्वत्र असते. पोपडा खरवडून गिलावा केला तरी पाणी मुरणें थांबविल्यावांचून सुटका नाहीं. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तांतील मेद हें तें मुरणारें पाणी. हीही उपमाच, तीही कोठेंतरी अपुरी पडेल. पण ती वाचकाला गोळी सोडावयास तरी सांगणार नाहीं.