समजूतदार नवऱ्याची सावली : मराठी कादंबरीतील ‘सक्षम’ नायिकेविषयी

अलीकडे कादंबऱ्यांच्या मलपृष्ठांवर ‘कणखर’, ‘बंडखोर’, ‘सक्षम’ ही विशेषणे नायिकेच्या नावाआधी हटकून छापलेली दिसतात. आत पाहावे तर नायिका कुणाच्या तरी थोबाडीत देते, घर सोडते, नोकरी मिळवते आणि कादंबरी संपते. जिंकली म्हणजे ती सबळ, हरली म्हणजे अबला, असा हा सोपा हिशेब आहे. पण नायिकेला जिंकवणे लेखकाच्या दृष्टीने एका परिच्छेदाचे काम असते. तिच्या वाट्याला जे आले त्याचा अर्थ तिचा तिला लावू देणे, हे त्याहून फार अवघड. मराठी कादंबरीने हा अर्थ सांगण्यासाठी तिच्या शेजारी वारंवार एक समजूतदार पुरुष बसवला आहे. या लेखात मला त्याचाच माग काढायचा आहे.

तो अगदी आरंभापासून आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांची दुःखे पाहते. पाहणारी ती असली तरी त्या दुःखांचे निदान बरेचसे विनायकरावाकडून आणि पुढे धर्मोपदेशाकडून येते. नवरा वारल्यावर ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. कथानकाच्या दृष्टीने ती तरते. तरीही ती व्यक्ती म्हणून आपल्या लक्षात राहत नाही, लक्षात राहतो तो विषय.

तिच्याच नावाची दुसरी नायिका मात्र विसरता येत नाही. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’मधून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ‘करमणूक’ सुरू झाले १८९० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे वय दहावरून बारावर न्यावे की नाही यावर सारे पुणे भांडत असताना वाचकाच्या घरात ही यमू बोलत होती. मलपृष्ठावरच्या आजच्या विशेषणांपैकी तिला एकही लागू पडणार नाही. लग्न दुसऱ्यांनी ठरवलेले, वैधव्य नशिबाने दिलेले, केशवपन शंकरमामंजींनी बळजबरीने करवलेले. स्वतःच्या डोक्यावरच्या केसांवरही तिचा अधिकार नाही.

आणि तरीही माझ्या मते ती आपल्या कादंबरीतली पहिली खरीखुरी बलवान नायिका आहे, कारण निवेदन तिचे आहे. भावाशी केलेली भांडणे, माजघरातले टोमणे, दुर्गीच्या नशिबी आलेला नवरा, हे सगळे ती स्वतः, आपल्या घरगुती बोलीत सांगते. आपटे पुरुष होते हे मी विसरत नाही. पण लेखक पुरुष असणे वेगळे आणि कथेत पुरुषाने अर्थ सांगत बसणे वेगळे. रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला नेतो. तो मनापासून भला माणूस आहे. मुंबईच्या प्रकरणांत यमू त्याची मते कौतुकाने सांगू लागते तेव्हा गद्याला किंचित व्याख्यानाचा वास येतो. मग तो वारतो, आणि शिकवणाराही जातो. तिथून पुढे यमूला जे दिसते ते फक्त तिला दिसते. वाक्ये पुन्हा साधी होतात आणि अधिक धारदार होतात. रघुनाथरावाने तिला अक्षरे दिली. त्या अक्षरांनी काय लिहायचे हे तिने त्याच्या पश्चात ठरवले. पराभूत स्त्रीच्या हातात कथेची सूत्रे राहू शकतात, हे आपट्यांना कळले होते. आजच्या कित्येक विजयी नायिकांच्या लेखकांना ते कळलेले नाही.

चाळीस वर्षांनी तो समजूतदार पुरुष एकदम दिसेनासा होतो. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या (१९३३) शिकलेल्या, मिळवत्या मुलींना अक्षरओळख करून देण्याची गरज नव्हती. त्यांची अडचण पगाराची होती. पगार घरात येतो, त्यावर घर चालते, म्हणून मुलीचे लग्न लांबते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या नावातच सगळे आले. मिळवती झाली की स्त्री स्वतंत्र होते हे गृहीतक आपण आजही उराशी धरून असतो. या कथांनी ते तेव्हाच तपासून बाजूला ठेवले होते. पैसा कमावणे आणि त्यावर हुकमत असणे या दोन गोष्टी आहेत. टोपणनावामागे कोण बाई दडली आहे याचा शोध घेण्यात त्या वेळच्या टीकाकारांनी जेवढी शक्ती घालवली, तिच्या निम्म्याने तरी हा मुद्दा वाचला असता! पुढच्या वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’मधली अचला नवऱ्यापासून दुरावलेली आहे आणि विरागबरोबर लग्नावाचून संसार मांडू पाहते. ज्या जातींत काडीमोडाची रूढी नव्हती तिथे कायद्याने घटस्फोटाची वाट मुंबई प्रांतात १९४७ मध्ये उघडली. म्हणजे अचलेपुढे लढायला कायदाही नव्हता. ती जे ठरवते ते ठरवण्यासाठी तिच्याजवळ तयार शब्दसुद्धा नाहीत.

गौरी देशपांडे यांच्या नायिकांजवळ शब्द भरपूर आहेत. ‘एकेक पान गळावया’ (१९८०), ‘तेरुओ आणि काहीं दूरपर्यंत’ (१९८५) ही पुस्तके आली तेव्हा आमच्या पिढीतल्या मुलींनी ती हातोहात फिरवली. देश, प्रेम, शरीर, वाढते वय यांविषयी इतक्या मोकळेपणाने बोलणारी बाई आम्ही मराठीत पाहिली नव्हती. ‘यांना पैशाची विवंचना नाही, म्हणून हे सुचते’ हा त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप मला वरवरचा वाटतो. पैशाची विवंचना नसतानाही काय उरते, हाच तर त्यांचा विषय आहे. माझी अडचण निराळी आहे. या कथांतून तो समजूतदार पुरुष परत येतो. आता तो शिकवत नाही, समजून घेतो. नायिका दूर जाते तेव्हा तो वाट पाहतो, क्षमेचा आवही आणत नाही. वाचताना तो हवाहवासा वाटतो आणि तिथेच मी सावध होते. तो इतका उदार नसता तर तिच्या स्वातंत्र्याचे काय झाले असते? हा प्रश्न नायिकांना स्वतःलाही बोचतो, हे गौरीबाईंचे मोठेपण. पण प्रत्येक वेळी बोचतो असे मात्र नाही.

कविता महाजन यांच्या ‘ब्र’मध्ये (२००५) पुरुषाची ती जागा संस्थेने घेतली आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. संसार मोडलेली प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी महिला सरपंचांना भेटत फिरते. ‘सक्षमीकरण’ हा शब्द याच काळात योजनांच्या कागदांतून आपल्याकडे रुळला. त्याचे व्याकरण पाहावे : करणारा कुणी दुसराच, बाई केवळ कर्म. रघुनाथराव आता प्रशिक्षण शिबिर घेतो, अहवाल मागवतो, निधीचा हिशेब ठेवतो. प्रफुल्लाला हे हळूहळू दिसत जाते. आपणही त्याच यंत्रणेच्या पगारावर आहोत, हेही दिसते. बायकांच्या बोलण्यापुढे तिचे स्वतःचे दुःख अनेकदा मागे सरते, आणि कादंबरीचा बांधा त्यामुळे सैल पडतो. पुष्कळांना तो दोष वाटतो. मला तो सैलपणा मान्य आहे. घट्ट बांधा हवा असता तर त्या सरपंच बाई प्रफुल्लाच्या जागृतीची उदाहरणे होऊन बसल्या असत्या.

तरी टिपणवही प्रफुल्लाच्याच हातात आहे. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी ती वही हिसकावून घेतली, पण आत्मकथनात. कथनात्म साहित्यात, कल्पनेच्या पूर्ण मुभेसह, त्या सरपंच बाईने स्वतः सांगितलेली, तिला शहाणे करायला कुणीही न आलेली कादंबरी मी अजून शोधते आहे.