बार्थेलचे शंभर गुण कुणाचे?

डोक्याला मार लागलेला पेशंट काही आठवड्यांनी घरी जायला निघतो, तेव्हा त्याच्या कागदांवर बऱ्याचदा एक आकडा असतो: बार्थेल इंडेक्स. नातेवाईक विचारतात, 'म्हणजे किती बरे झालेत?' त्या आकड्यात याचं उत्तर आहे का, एवढंच आज आपण तपासू.

फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी ही मोजपट्टी १९६५ साली प्रसिद्ध केली. मेरीलँडमधल्या दीर्घ आजारांच्या रुग्णालयांत ती आधीपासून वापरात होतीच. कामं दहा. जेवण, कपडे, संडासला जाणं, जिना, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, या प्रत्येकाला १० गुण. आंघोळ आणि तोंड धुणं-दाढी-केस यांना ५-५. पलंगावरून खुर्चीत बसणं आणि चालणं यांना १५-१५. झाले शंभर.

आता गंमत बघा. आंघोळीला पाच आणि खुर्चीत बसायला पंधरा, हे कशावरून ठरलं? पेशंटला ते काम जमलं नाही तर दुसऱ्या माणसाचा किती वेळ जातो आणि त्याला किती अंगमेहनत पडते, यावरून. म्हणजे मोजलं जातंय पेशंटला, पण मापाचं एकक आहे सांभाळणाऱ्याचे कष्ट. रुग्णालयात किती हात लागतील हे ठरवायला असं माप उत्तमच. आम्ही स्वतः ते रोज वापरतो, त्यामुळे त्याला नावं ठेवायला आम्ही इथे उभे नाही.

पण असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. वय चाळीस, बाइकवरून पडला, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा. तीन महिन्यांनी स्वतः जेवतो, आंघोळ करतो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीन मजले चढतो. शंभरपैकी शंभर. घरी मात्र गॅसवर दूध ठेवतो आणि तिथून निघून जातो. दाराशी येईल त्याला पैसे काढून देतो. क्षुल्लक गोष्टीवरून मुलावर हात उगारतो, आणि विचारलं तर म्हणतो, 'मला काय झालंय? मी ठणठणीत आहे.' त्याची बायको नोकरी सोडून घरी बसलीय, त्याच्यावर लक्ष ठेवायला. तिचे ते आठ-दहा तास या शंभरात कुठे आहेत? जी मोजपट्टी सांभाळणाऱ्याच्या कष्टांवर बेतली, तिच्यातूनच सांभाळणारीचे कष्ट गळाले. का, तर ते अंगमेहनतीचे नाहीत. ती त्याला उचलत नाही, नुसती जागी असते.

याचा दोष त्या दोघींच्या माथी मारता येणार नाही. शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही, त्याला स्वयंपाक, घर चालवणं, लोकांत वावरणं कदाचित जमणार नाही, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. आकडा पुढे गेला, ते वाक्य मागे राहिलं.

बेरजेचीही एक अडचण आहे. एकाचा शौचावर आणि लघवीवर ताबा नाही, दुसऱ्याला कपडे घालता येत नाहीत आणि जिना चढता येत नाही. दोघांनाही ८०. या दोघांचे दिवस सारखे जातात, असं कोण म्हणेल?

मग 'फिम' का नको, असं कुणी विचारेल. त्यात अठरा बाबी आहेत, आणि त्यांत स्मरणशक्ती, अडचण सोडवणं, लोकांशी वागणं हेही आहे. बरोबर. पण प्रत्येकी जास्तीत जास्त सात गुण धरले तर शरीराच्या तेरा बाबींचे ९१ होतात आणि मनाच्या पाच बाबींचे ३५. शेवटी १२६ पैकी एकच आकडा सांगितला, की तो पस्तिसांचा भाग पुन्हा झाकला जातो. हे दोन भाग वेगळे सांगा, एवढंच आमचं म्हणणं.

टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ साली वेगळी वाट घेतली. पुढच्या भागाला इजा झालेले तीन पेशंट, बुद्धिमापनात चांगले गुण मिळवणारे. त्यांना लंडनच्या बाजारपेठेत पाठवलं: या वस्तू आणा, ही माहिती काढा, हे नियम पाळा. एकेक काम तसं सोपंच, पण सगळी मिळून पार पाडताना घोटाळे झाले. टेबलाशी बसून जे दिसत नव्हतं, ते रस्त्यावर दिसलं.

विस्तारित ग्लासगो आउटकम स्केलमधले प्रश्न आम्हाला जास्त कामाचे वाटतात. घरी आठ तास एकटं ठेवता येतं का? दुकानात एकटे जातात का? घरच्यांशी, मित्रांशी संबंध बिघडलेत का? आणि हे अपघाताआधीही असंच होतं का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. मात्र एवढं विचारून उत्तर आठच पायऱ्यांत बसवायचं, त्यामुळे दीड महिन्याच्या थेरपीने झालेला बदल त्यात सहसा दिसत नाही.

म्हणून सध्या आम्ही बार्थेलचा आकडा लिहितो आणि त्याखाली दोन ओळी जोडतो. किती तास एकटे राहू शकतात, हे पेशंट काय सांगतो ती एक ओळ, आणि घरचं माणूस काय सांगतं ती दुसरी. दोन्हींत फरक पडला तर तो मिटवत नाही, तसाच ठेवतो. घरच्या माणसाला मात्र बाजूला नेऊन विचारतो. पेशंटसमोर ते खरं बोलत नाहीत.