आधी कुठलं भजन?

एखाद्या रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये जाऊन विचारावं, "मी नवीन आहे, कुठल्या अल्बमपासून ऐकायला घेऊ?" आणि मग गंमत बघत बसावं. एक म्हणतो पहिलाच घे, कच्चा आहे पण खरा आहे. दुसरा म्हणतो लोकप्रिय झालेला तेवढा सोडून बाकी सगळं ऐक. विचारणारा बाजूलाच राहतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा वाद राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवरून रंगतो, आणि तो रॉकवाल्यांच्या वादापेक्षा रतीभरही कमी नसतो. गुरुदेव सेवा मंडळातल्या जुन्या माणसाला विचारा. तो महाराजांचा ग्रंथ, ग्रामगीता, हातात ठेवेल. शिक्षक 'या झोपडीत माझ्या' म्हणून दाखवतील, कारण ती कविता त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली आहे. कॉलेजातला पोरगा मोबाइल काढून कीर्तनकार सत्यपाल महाराजांच्या सात खंजिऱ्या लावून देईल. मग कोपऱ्यातला एखादा पेटीवाला हळूच म्हणतो, "पयले आयका भाऊ, मंग वाचा."

मी पेटीवाल्याच्या बाजूचा आहे. पुस्तक उघडून मनातल्या मनात वाचणाऱ्याला तुकडोजी महाराज पातळ वाटण्याचा धोका फार मोठा आहे. शब्द साधे, उपमा रोजच्या, तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि शेवटी 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' ही नाममुद्रा. कवितेत जे शोधायची सवय आपल्याला लागली आहे, ते इथे कमी सापडतं. याचं कारण साधं आहे. या रचनेतली अर्धी जागा कोरससाठी मोकळी सोडलेली आहे. कागदावर ती रिकामी दिसते, मंडळ बसलं की भरते.

म्हणून माझा क्रम 'मनी नाही भाव' पासून सुरू होतो. सगळ्यांना पाठ असलेलं भजन आहे म्हणून जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. या भजनाचं धृपद नीट ऐकलं तर त्यात दोन आवाज आहेत. पहिल्या तुकड्यात देवाकडे मागणारा माणूस बोलतो. मनात काही नसताना 'पाव' म्हणणारा, आणि 'भाव'-'पाव' हे यमक इतकं स्वस्त, इतकं हाताशी, की मागणंही तितकंच स्वस्त आहे हे कानालाच कळतं. दुसऱ्या तुकड्यात त्याला उत्तर मिळतं, असा देव मिळत नसतो. आता गावात हे कसं म्हणतात ते पाहा. मुख्य गायक पहिला तुकडा घेतो, आणि निकालाचं ते लांब ओढलेलं 'नाही हो' मागचे आठ-दहा जण उचलतात. दटावणारा बुवा एकटा असता तर ते कीर्तनातलं शहाणपण झालं असतं. इथे जमावच जमावाला दटावतो, तोही हसत हसत, टाळ्यांवर. देवाची गाठ भाजीबाजाराशी घालून दिलेली असल्यामुळे समोर बसलेल्या, सकाळीच आठवडी बाजार करून आलेल्या बायाही खुदकन हसतात आणि पुढच्या फेरीला स्वतः 'नाही हो' म्हणतात. दगड, लाकूड, सोनं-चांदी यांत देव शोधू नका हा पुढचा उपदेश तोवर अर्धा पचलेला असतो.

खंजिरीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हाताच्या पंजाहून थोडी मोठी लाकडी कडी, एका तोंडावर कातडं, कडीच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हाताने धरायची, त्याच हाताच्या बोटाने कातडं आतून दाबायचं, उजव्याने वाजवायचं. दाबलं की घुमारा वर चढतो, सोडलं की खाली घसरतो. म्हणजे ताल देता देता ती बोलतेही. धानाची कापणी झाल्यावर थंडीत भजन स्पर्धा लागतात, तेव्हा दवाने कातडं सैल पडतं. मंडळाची पाळी यायच्या आधी मांडवामागे शेकोटीवर खंजिरी शेकत बसलेलं एखादं पोरगं दिसतंच. चांगला खंजिरीवाला गायकाच्या ओळीवर कधीच चढत नाही. ओळ संपते आणि कोरस उचलतो, त्या मधल्या श्वासात तो आपला तुकडा टाकतो. स्पर्धेत परीक्षकांचं लक्ष कुठे असतं मला ठाऊक नाही. माझं त्या श्वासाकडे असतं. सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या एकदम वाजवतात तेव्हा थक्क व्हायला होतं, त्यांची विनोदबुद्धीही अस्सल आहे, पण सुरुवात तिथून केली तर नवा माणूस वाद्यच ऐकत राहतो.

दुसरा थांबा चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर. इथे ऐकायचं ते 1942 सालचं हिंदी भजन, 'आते हैं नाथ हमारे'. महाराजांचा या भागाशी संबंध त्याआधीचा. जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा; पण पोरवयात घर सोडून ते ज्या रानांत राहिले त्यांत चिमूर तालुक्यातलं गोंदेडा येतं, आणि तिथली गुंफा आजही तपोभूमी म्हणून ओळखली जाते. 1935 मध्ये मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला, पुढच्या वर्षी महाराज सेवाग्रामला गांधीजींजवळ महिनाभर राहून आले. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, 'भारत छोडो'च्या लढ्यात चिमूर पेटलं. गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, मग लष्कर आलं आणि गावावर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळी यांना 63 दिवस उपोषण करावं लागलं. महाराजांना ऑगस्ट संपता संपता चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, अटक झाली. नागपूर, मग रायपूर असा तुरुंगवास भोगून ते डिसेंबरात सुटले.

हे माहीत असताना ते भजन ऐकलं की त्यातली क्रियापदं टोचायला लागतात. सगळा जोर भविष्यकाळावर आहे. झाडाझुडपांची हत्यारं होणार, दगडांचे बाँब होणार, भक्तांचीच फौज होणार. रानातल्या गावात बसून हे म्हणताना गायकाला बोट दाखवायला फार लांब जावं लागत नाही: झाड समोर, दगड पायाखाली, आणि फौज म्हणजे हे मांडी घालून बसलेले. देशभक्तीच्या त्या काळच्या पुष्कळ गाण्यांत तलवारी, रणभेरी, सिंहगर्जना येतात. हे सगळं कुणाच्याच घरात नसतं. इथे शस्त्रांची यादी जिल्ह्यातच भरते. पण भजनाचा कर्ता पाहा. कर्ता आहे 'नाथ', जो येतो आहे. माणसांनी काय करावं याची एकही आज्ञा त्यात नाही. गांधींच्या सहवासात राहून आलेला माणूस असं भजन कसं लिहितो, यावर मंडळात जोरदार चर्चा होते. कुणी ते शुद्ध रूपक मानतं, कुणी सरळ लढ्याची हाक. मला वाटतं, ते मुद्दामच त्या काठावर उभं आहे. भजन म्हणून गायलं तर भजन, आणि इंग्रज सरकारने ते कसं ऐकलं हे त्याच महिन्यातल्या अटकेवरून दिसतंच. सौम्य चालीत, टाळ-पेटी सांभाळून म्हटलेलं हे भजन मी ऐकलं आहे आणि दणकेबाजही ऐकलं आहे. सौम्य चालीत ते जास्त धोकादायक वाटतं.

यानंतर मात्र शिक्षकांचं ऐकावं. 'या झोपडीत माझ्या' शाळेत घोकून आपण तिची चव घालवून बसलो आहोत. ती परत मिळवायला एक सोपी युक्ती: ही कविता इक्बालच्या 'सारे जहाँ से अच्छा' च्या चालीवर म्हणून पाहा. तंतोतंत बसते, कारण वृत्त एकच, मराठीतलं आनंदकंद. त्या भव्य, मिरवणुकीच्या चालीत एक झोपडी येऊन बसते आणि तिला जराही संकोच वाटत नाही, यातच निम्मी कविता आहे. बाकीची निम्मी रचनेत. प्रत्येक कडव्यात तीन छोट्या यमकबद्ध ओळी धावत येतात आणि चौथ्यांदा झोपडीत शिरतात. महाल काय तर पहारे, तिजोऱ्या, मज्जाव. झोपडी काय तर या सगळ्याचा अभाव. ती कशी आहे हे कवी जवळजवळ सांगतच नाही, तिथे काय नाही ते सांगतो. त्यामुळे परत परत येणारं तेच धृपद दर वेळी थोडं निराळं ऐकू येतं: आधी अंग टाकायची जागा, मग कुणालाही येऊ देणारं दार, आणि शेवटी देवेंद्रालाही लाजवणारा मोठेपणा.

गडचिरोलीच्या पावसात गळकं छप्पर सांभाळणारा माणूस या सुखावर हसेल, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. गरिबीला गोंजारणारी कविता म्हणून ती सहज वापरली जाऊ शकते, वापरली गेलीही आहे. पण 'माझ्या' या शब्दावर गायक किती थांबतो ते ऐकावं. तो यजमानाचा शब्द आहे, या बसा म्हणणाऱ्याचा.

हे तीन थांबे झाले की बाकीचं रान मोकळं. 'हर देश में तू' शाळांच्या प्रार्थनेतून तुम्ही ऐकलंच असेल. अनुभवसागर भजनावली, राष्ट्रीय भजनावली चाळाव्यात, आवडेल ते घ्यावं. त्यांत पुष्कळ रचना निव्वळ उपदेशाच्या आहेत, दारू सोडा, गाव झाडा, एकीने राहा. भक्त रागावतील, पण सलग वाचल्या तर एकसुरी होतात. रात्री दहानंतर एकामागून एक मंडळ उभं राहतं तेव्हा त्याच रचना एकसुरी वाटत नाहीत, हेही तितकंच खरं. आणि एक सांगून ठेवतो. हे भजनांचं जग मुख्यतः धानपट्ट्यातलं, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा, चामोर्शी या बाजूचं. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गावांत रात्र रेल्यावर, त्यांच्या नाचगाण्यावर, जागते. तिथेही एकाने टाकलेली ओळ सगळी रांग उचलते, आणि रेला ऐकलेल्या कानाला खंजिरी भजन लवकर कळतं असा माझा अनुभव आहे.

ग्रामगीता मी शेवटी ठेवतो. 41 अध्याय, 4675 ओव्या, संडासापासून सामुदायिक प्रार्थनेपर्यंत गावाचा सगळा संसार. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर गीताचार्य तुकारामदादांनी तिच्यावर अख्खं आयुष्य लावलं. पण भजनं कानात असल्याशिवाय ती उघडली तर नियमांची वही वाटते. कान तयार असला की ओवी ओवीत शिरते. 'भजनप्रभाव' नावाचा एक अध्यायच तिच्यात आहे. निदान तो तरी भजन ऐकून आलेल्या रात्री वाचावा.

आणि ज्याला वेड लागलंच असेल त्याने 'लहरकी बरखा' मिळवावी. महाराजांच्या हिंदी रचनांचा हा मोठा ऐवज. हिंदी भजनांच्या वर बारीक टाइपात 'तर्ज' छापलेली असते, म्हणजे कुठल्या गाण्याच्या चालीवर हे म्हणायचं ते. त्यातल्या कितीतरी चाली आता कुणाच्या ओठांवर नाहीत. इंटरनेटवर शोधून त्या हाती लागतीलच असं नाही. अशा वेळी वही घेऊन आपल्या तालुक्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पेटीवाल्याकडे जायचं, 'जय गुरू' म्हणायचं, आणि तर्जेची ती ओळ वाचून दाखवायची. त्याला पूर्ण गाणं आठवत नसलं तरी बोटांना पट्ट्या आठवतात. आठवल्या की तो वाजवून मोकळा होतो, आणि मग विचारतो, "बरं, यातलं कोणतं म्हनता?"